आप्पासाहेबाचा पंचनामा

नागपूरच्या सदरमध्ये राहून आप्पासाहेब भोसल्याची बाजू घेणं म्हणजे घरमालकाच्या ओट्यावर बसून त्यालाच शिव्या देणं. ही वस्ती मुळात साहेबाच्या आसऱ्यानं वाढलेली. मधून रेसिडेन्सी रोड, एका अंगाला छावणी, जरा पुढे मंगळवारी बाजार, मिशनच्या शाळा, चर्चचे मनोरे. भोसल्यांचं नागपूर पलीकडे, महालात, शुक्रवारीत, सक्करदऱ्यात. दोहोंच्या मध्ये सीताबर्डीच्या दोन टेकड्या, एक मोठी, एक लहान. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला या टेकड्यांवर अठरा तास लढाई झाली आणि नागपूरचं राज्य खरं म्हणजे तिथंच संपलं. गादी पुढे १८५३ पर्यंत राहिली, पण ती गादीच राहिली.

आमच्या घरात मात्र ती लढाई बरीच वर्षं चालू होती. आजोबा आप्पासाहेबाचे वकील. आजी माहेरची महालातली, म्हणून ती फिर्यादी. तिसरे मास्तर. शाळेतून निवृत्त झालेले, इतिहास शिकवलेले, रोज दिवेलागणीला आमच्या ओसरीवर येऊन बसणारे. त्यांना न्यायाधीश व्हायचं असे, पण दोन्ही पक्ष त्यांना जुमानत नसत.

आजीचा आरोप एकच. "चुलतभावाले झोपेत मारलं त्यानं, अन् तुमी त्याले देशभक्त म्हणून राहिले!"

"चांद्याले होता तो त्या दिवशी."

"मंग? चांद्याले बसूनच करवता येते असं काम. सोता कोण करते?"

या दोन वाक्यांमागचा इतिहास असा. दुसरे रघूजी भोसले मार्च १८१६ मध्ये वारले. आयुष्यभर त्यांनी इंग्रजांची तैनाती फौज टाळली होती. त्यांचा मुलगा परसोजी शरीरानं आणि मनानं दुबळा. त्याच्या नावानं कारभार कोणी करायचा यावरून वाड्यात दोन तट पडले. एकीकडे रघूजींची राणी बाकाबाई आणि धर्माजी भोसले, दुसरीकडे रघूजींचा पुतण्या आप्पासाहेब. आप्पासाहेब वरचढ ठरला. धर्माजी कैदेत मारला गेला. आणि त्याच सुमारास, २७ मे १८१६ च्या रात्री, काकानं जन्मभर टाळलेल्या तैनाती फौजेच्या तहावर पुतण्यानं गुपचूप सही केली. कारभार हाती राहावा म्हणून दिलेली ती किंमत होती. पुढच्या वर्षी १ फेब्रुवारीला सकाळी परसोजी अंथरुणात मेलेला सापडला. आप्पासाहेब खरंच चांद्याला गेलेला होता. परसोजीची बायको काशीबाई सती गेली. आजी परसोजीबद्दल एक वेळ शांतपणे बोले, काशीबाईचं नाव निघालं की तिचा आवाज चढे.

हा वाद मी ओसरीच्या पायरीवर बसून पहिल्यांदा नीट ऐकला तो १९६५ च्या ऑगस्टात. वाद सुरू झाला होता शास्त्रीजींवरून. काश्मिरात घुसखोर आल्याच्या बातम्या रेडिओवर रोज येत होत्या. त्याआधी ३० जूनला कच्छच्या रणाचा समझोता झाला होता आणि तो कित्येकांच्या घशाखाली उतरला नव्हता. दिल्लीत जनसंघानं मोर्चा काढला होता. आजोबा 'तरुण भारत' वाचणारे, मास्तर 'हितवाद'. दोघांचं एरवी कशावर जमत नसे, पण शास्त्रीजींच्या बाबतीत जमलं. माणूस सज्जन, पण लढाईचा नाही. धोतर, हळू आवाज, ती उंची. समोर अयुबखान, सहा फुटी, गणवेशातला. आजोबांचा थोडा भरवसा होता तो यशवंतरावांवर. संरक्षणमंत्री आपला मराठी माणूस आहे, एवढ्यावर. शास्त्रीजींबद्दल ते म्हणाले, "हा माणूस कोणाले नाही म्हणूनच शकत नाही."

स्वयंपाकघरातून आजी म्हणाली, "आप्पासाहेबालेबी तुमचा तो जेन्किन असंच समजला होता."

एवढ्यावर गाडी १८१७ वर गेली आणि त्या रात्री परत आली नाही.

रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्सचं आप्पासाहेबाविषयीचं मत कसं कसं बदलत गेलं, हा मास्तरांचा आवडता विषय. तह केला तेव्हा आप्पासाहेब कंपनीचा भरवशाचा माणूस. धर्माजीच्या खुनानं या भरवशाला धक्का लागला नाही. परसोजी मेला तेव्हा कंपनीनं तो मृत्यू नैसर्गिक धरला आणि आप्पासाहेबाला राजा मानलं. लढाईच्या काही आठवडे आधी कंपनीचा मुत्सद्दी जॉन माल्कम नागपुरात येऊन गेला. आप्पासाहेबानं त्याचा असा पाहुणचार केला की माल्कमसारखा मुरलेला माणूसही त्याच्या निष्ठेची ग्वाही देऊन गेला. जेन्किन्सला तेवढी खात्री नव्हती. पेशव्याशी चाललेला पत्रव्यवहार त्याच्या कानावर होता. पण ५ नोव्हेंबरला खडकीला पेशव्यानं इंग्रजांवर हल्ला केल्यावरसुद्धा आप्पासाहेब नागपुरात मैत्रीच्याच गोष्टी बोलत होता. तोंडानं मैत्री आणि मागं फौजेची जमवाजमव, हे दोन्ही रेसिडेन्सीतून दिसत होतं. यातलं खरं काय, हा प्रश्न जेन्किन्सला पडला होता. आजोबांच्या मते प्रश्नच चुकीचा होता, कारण दोन्ही खरं होतं.

२४ नोव्हेंबरला आप्पासाहेबानं पेशव्याकडून आलेली मानाची वस्त्रं, जरीपटका आणि सेनापतिपद भर दरबारात स्वीकारलं. पेशवा तेव्हा कंपनीशी उघड लढाईत होता. जेन्किन्सनं निषेध केला आणि समारंभाला जायचं नाकारलं. दुसऱ्या दिवशी तेलंगखेडीजवळच्या तळावरून कर्नल स्कॉटची पलटण सीताबर्डीवर आली. टेकड्यांवर चढायला तिला कोणी अडवलं नाही. नागपूरकर इथंच लढाई हरले, असं मास्तरांचं ठाम म्हणणं होतं आणि माझंही तेच झालं आहे. हजार-दीड हजार माणसं रिकाम्या टेकड्यांवर चढत असताना अठरा हजारांची फौज आणि छत्तीस तोफा बाळगणारा राजा नुसता पाहत राहिला.

२६ तारखेला दिवसभर दोन्हीकडून वकिलांची ये-जा चालू होती. संध्याकाळी गोळी सुटली. रात्रभर लहान टेकडीवर हल्ले झाले. सकाळी भोसल्यांच्या पगारी अरबांनी ती घेतली. लहान टेकडीवरून मोठीवर गोळी सहज पोचते, त्यामुळे वर असलेल्यांची धडगत नव्हती. एवढ्यात कॅप्टन फिट्झजेराल्डनं, त्याला हुकूम नसताना, बंगालच्या घोडेस्वारांच्या तीन तुकड्या घेऊन खालच्या मैदानात धडक मारली, भोसल्यांचे स्वार उधळले, तोफा काबीज केल्या. लहान टेकडीवर दारूचा साठा उडाला, अरबांची पांगापांग झाली. दुपारपर्यंत सगळं आटोपलं. कंपनीचे ३६७ लोक मेले किंवा जखमी झाले, म्हणजे होते त्यातला साधारण चौथा हिस्सा. रेसिडेंटचा पहिला मदतनीस सदबी त्यातलाच. इतकं जवळ आलेलं यश होतं ते.

"अन् राजा कुठं होता जी?" मास्तर विचारत.

इथं आजोबा घसा खाकरत आणि चहा मागवत. कारण राजा रणात नव्हता. लढाई चालू असतानाही त्याची माणसं रेसिडेंटकडे खुलासे पोचवत होती, हे सगळं माझ्या मर्जीविरुद्ध झालं म्हणून. लढाई जिंकली असती तर ती त्याची होती, हरली तर अरबांची.

अरबांची गोष्ट मला नेहमीच राजापेक्षा जास्त ओढून घेते. डिसेंबरात डोव्हटन इंग्रजांची मोठी फौज घेऊन आला. १६ तारखेला आप्पासाहेब स्वतः इंग्रजांच्या स्वाधीन झाला. सक्करदऱ्याची लढाई त्याच दिवशी झाली, राजा गेल्यावर. त्यानंतरही पगारी अरब शहरात ठाण मांडून बसले. २४ डिसेंबरला इंग्रजांनी चढाई केली ती त्यांनी परतवली आणि महिनाअखेर, आपल्या अटी मान्य करवून घेऊनच ते बाहेर पडले. आजोबांनी कधीही त्यांचं कौतुक केलं नाही. भाडोत्री माणसाचं कौतुक केलं तर राजाच्या पदरात काय टाकायचं, ही त्यांची अडचण असावी.

आता आजीची पाळी. आप्पासाहेबाला ६ जानेवारी १८१८ ला पुन्हा गादीवर बसवलं आणि १५ मार्चला कारस्थानाच्या आरोपावरून पकडलं. अलाहाबादला नेत असताना वाटेत जबलपूरजवळच्या मुक्कामातून मे महिन्यात तो पळाला. फिर्यादी असूनही हा भाग आजीच सांगे, आणि रंगवून सांगे. शिपाई फितवलेले. राजाच्या अंगावर शिपायाचा वेश. बिछान्यात उशी, वर पांघरूण, आणि दोन नोकर त्या उशीचे पाय चेपत बसलेले. पहारा बदलताना गोरा अधिकारी डोकावला, राजा झोपला आहे म्हणून निघून गेला. "उशीचे पाय चेपून राहिले होते मेले!" असं म्हणून ती हसत सुटे. उशीची ही हकिकत इंग्रजांच्या लिखाणातही आहे, हे मला फार पुढे कळलं. आजीपर्यंत ती छापील पुस्तकातून आली नव्हती, हे नक्की.

तिथून पचमढीचे डोंगर. कंपनीनं मोठं इनाम लावलं, पण गोंडांनी त्याला धरून दिलं नाही. मग असीरगड, मग पंजाबात रणजितसिंगाकडे, मग मंडीच्या डोंगरी संस्थानात, शेवटी जोधपूर. राजा मानसिंगानं आसरा दिला आणि कंपनीच्या हवाली करायला नकार दिला.

इकडे १९६५ च्या ६ सप्टेंबरला आपली फौज आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून लाहोरच्या रोखानं गेल्याची बातमी आली. कोणाला नाही म्हणू न शकणाऱ्या माणसानं दिलेला हुकूम. त्या संध्याकाळी ओसरीवर शास्त्रीजींच्या उंचीचा विषय निघाला नाही. पुढं त्यांनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं तेव्हा आजोबांनी ते निमूट सोडलं. मास्तरांनी मात्र कबुली द्यायचं टाळलं. ते म्हणाले, "हुकूम देणं एक, अन् दिलेल्या हुकमाच्या मागं उभं राहणं एक. पाहू." जानेवारीत ताश्कंदच्या करारावर सही झाली आणि त्याच रात्री शास्त्रीजी गेले. मास्तरांचं ते "पाहू" तसंच राहिलं.

मोठा झाल्यावर मी जेन्किन्सचा १८२७ चा अहवाल वाचला आणि यादव माधव काळ्यांचा 'नागपूर प्रांताचा इतिहास'ही. वाचता वाचता आजीच्या फिर्यादीबद्दल माझं मत बदलत गेलं. परसोजीचा गळा दाबला गेला असेल. बहुधा गेलाच असेल. पण तो पुरावा कंपनीच्या दफ्तरात भरभक्कम झाला तो लढाईनंतर, आप्पासाहेबाला पदच्युत करायची वेळ आल्यावर. फेब्रुवारी १८१७ मध्ये जो राजा म्हणून मान्य, तोच मार्च १८१८ मध्ये खुनी. एवढ्या काळात मेलेल्या परसोजीत काही फरक पडला नव्हता. पडला होता तो आप्पासाहेबाच्या उपयोगात. तेव्हा खुनाचं कलम, आजीची माफी मागून, मी बाजूला ठेवतो. ते खोटं आहे म्हणून नाही. ज्यांनी ते लावलं त्यांनी ते वर्षभर खिशात ठेवलं होतं म्हणून.

आजोबांचा देशभक्तही मला मान्य नाही. ज्यानं १८१६ मध्ये स्वतःच्या कारभारीपणासाठी तैनाती फौज आत आणली, त्याच फौजेशी त्याला दीड वर्षानं लढावं लागलं. जबाबदारी त्याची आहे. काकानं जे बारा-तेरा वर्षं टाळलं होतं ते त्यानं एका रात्रीत दिलं.

माझ्या लेखी त्याचा गुन्हा २४ ते २७ नोव्हेंबर या चार दिवसांतला आहे. वस्त्रं घेतली ती सगळ्यांसमोर. तोफा मांडल्या त्याही सगळ्यांसमोर. आणि तरी शेवटपर्यंत रेसिडेंटला निरोप. लढायचं नव्हतं तर जरीपटका घ्यायचा नव्हता. लढायचं होतं तर २५ तारखेला त्या टेकड्या रिकाम्या सोडायच्या नव्हत्या. माल्कम फसला, जेन्किन्स गोंधळला याचं कारण आप्पासाहेब फार मुत्सद्दी होता असं नाही. त्याचं त्यालाच ठरत नव्हतं. सहा फुटी अयुबखान आणि धोतरातले शास्त्रीजी यांची तुलना करणाऱ्या आमच्या ओसरीला हे दिसायला हवं होतं, कारण तीच माणसं हा किस्सा तोंडपाठ सांगत होती. पळून गेल्यावर डोंगरात, कड्याकपारीत, परक्या दरबारात तो बावीस वर्षं टिकला, पुन्हा कंपनीच्या हाती लागला नाही. म्हणजे हिंमत नव्हती असंही म्हणता येत नाही. फक्त ती गादीवर असताना चालली नाही.

जेन्किन्स १८३९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा अध्यक्ष झाला. आप्पासाहेब १८४० मध्ये जोधपूरला वारला. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्यानं एरवी आत जाता येत नाही, पण २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला तो लोकांसाठी उघडतात. जमलं तर जा. आधी लहान टेकडी पाहा, तिथून मोठी किती जवळ आहे ते पाहा, आणि २५ नोव्हेंबरला या दोन्ही टेकड्या कशा मोकळ्या राहिल्या याचा तुमचा तुम्हीच निवाडा करा.