बुडालेल्या पाणबुडीची राखण

नौगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि वाहून आलेली प्रेते तेथेच पुरली गेली, ही हकीकत आपण सर्वांनी घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली आहे. ते गलबत कोणी पाहिले नाही, पण नौगावचे कबरस्तान आपण विसरलो नाही. म्हणून जलसमाधीची गोष्ट निघाली की आम्ही कान देतो.

आमचे फ्रीमाँट सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराकाठी आहे. पलीकडे सॅन फ्रान्सिस्को शहरात, युनियन आयर्न वर्क्सच्या कारखान्यात, अमेरिकन आरमाराची एफ-१ पाणबुडी बांधली गेली. १९१२ साली ती सेवेत आली. १७ डिसेंबर १९१७ रोजी सॅन डिएगोजवळ, दाट धुक्यात, तिच्याच जोडीची एफ-३ तिच्यावर आदळली. काही सेकंदांत एफ-१ बुडाली. २२ पैकी तिघे वाचले. १९ जण तळाशी गेले.

तिचा पत्ता १९७५ साली लागला. २०२५ च्या आरंभी वुड्स होल संस्थेच्या शास्त्रज्ञांनी आरमाराच्या पुरातत्त्वज्ञासह तिची बारकाईने पाहणी केली. 'ॲल्विन' ही माणसे नेणारी लहान पाणबुडी व 'सेंट्री' हे माणसांविना चालणारे यंत्र सुमारे ४०० मीटर खाली गेले. एफ-१ उजव्या कुशीवर पडलेली आढळली. असंख्य छायाचित्रे जोडून तिची हुबेहूब प्रतिकृती संगणकावर तयार झाली. पुढे लोखंड किती झिजले, हे तिच्याशी ताडून पाहता येईल. शेवटी जहाजावर १९ वेळा घंटा वाजवून मृतांचे स्मरण करण्यात आले.

अमेरिकेत २००४ पासून कायदा आहे : आरमाराचे बुडालेले जहाज सरकारचेच राहते, परवानगीवाचून त्यास धक्का लावता येत नाही.

इस्राएलमधील आपल्या आप्तांना 'डाकार' पाणबुडी आठवत असेल. जानेवारी १९६८ मध्ये ६९ जणांसह ती नाहीशी झाली. ३१ वर्षे त्या घरांना कबर कोठे हे ठाऊक नव्हते. १९९९ साली ती सुमारे ३,००० मीटर खोल सापडली. पुढच्या वर्षी तिच्या मनोऱ्याचा भाग वर काढून हैफाच्या संग्रहालयात ठेवला. बाकी पाणबुडी समुद्रातच राहिली.

कित्येक वर्षे रोग्यांची शुश्रूषा करताना आम्ही एक गोष्ट शिकलो. प्राण गेला तरी परिचारिकेचे काम संपत नाही. नाव व वेळ नीट लिहावी, नातेवाइकांना खरे सांगावे आणि चादर अंगावर सारखी करावी. एफ-१ च्या बाबतीत याहून वेगळे काय झाले? आपल्या नौगावच्या मृतांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत. निदान त्यांची जागा कोठे आहे, हे येथे वाढणाऱ्या नातवंडांना आपण सांगितलेच पाहिजे.