शिळेपासून लेयरपर्यंत : चित्राचे थर एका हातातून दुसऱ्या हातात जाताना

१/११
जामखेड तालुक्यातील खर्ड्याच्या किल्ल्याचा एखादा फलक कल्पावा. तळाशी तटबंदीचे छायाचित्र, त्यावर धुक्याची छटा, त्यावर मराठा स्वार, सर्वांत वर अक्षरे : 'खर्ड्याची लढाई, १७९५'. पाहणाऱ्याला चित्र एकच दिसते. संगणकात ते चार लेयरचे असते. हे थर एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडे सुखरूप कसे न्यायचे, हा प्रश्न संगणकाहून जुना आहे. #थ्रेड

२/११
१७९६ च्या सुमारास बव्हेरियात आलॉइस झेनेफेल्डर याने शिळाछापाचे तंत्र शोधले. चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट खडूने रेखाटायचे, शिळा ओली करायची आणि शाई फिरवायची. शाई केवळ रेखाटनालाच धरते. पुढे रंगीत छपाई आली तेव्हा प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र शिळा लागू लागली. त्या काळचा लेयर दगडाचा होता.

३/११
महाराष्ट्रात ही चित्रे घरोघरी पोहोचली. पुण्यात १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने चित्रशाळा उभी राहिली. १८९४ मध्ये मुंबईत घाटकोपरला राजा रविवर्मा यांचा छापखाना सुरू झाला. काही वर्षांनी तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि पुढे जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांच्या मालकीचा झाला.

४/११
रविवर्म्यांच्या तैलचित्रात सुटे थर नव्हते. पदराच्या एका सुरकुतीत पिवळा किती, तांबडा किती, हे ओळखून शिळेवरच्या कारागिराला एकाच चित्राचे अनेक थर पाडावे लागत. एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात होणारे हे स्थलांतरच होते.

५/११
ते साधण्यासाठी तीन गोष्टी ठरलेल्या असाव्या लागत. पहिली, रंगांचा क्रम. दुसरी, कडेच्या जुळणीच्या खुणा. त्या जरा हुकल्या की ओठांचा रंग हनुवटीवर उतरे. तिसरी, दिशा, शिळेवरून थेट कागदावर छापायचे तर रेखाटन उलटे करावे लागे. शिळा कितीही उत्तम असो, हे तीन संकेत माहीत नसलेल्या मुद्रकाच्या हाती ती निरुपयोगी ठरे.

६/११
आता संगणकाकडे. नोल बंधूंचे फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आले. बाहेरच्या प्रोग्रामला जोडून घेण्याची, म्हणजे प्लगिनची सोय त्यात आरंभापासून होती. लेयर मात्र १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत आले. आधी दार बांधले गेले आणि थरांचे घर नंतर. म्हणूनच साध्या फिल्टर प्लगिनच्या हाती बहुधा निवडलेला एकच थर येतो. वरखाली काय आहे, हे त्याला दिसत नाही.

७/११
त्या थराबरोबर काय द्यावे लागते? रुंदी, उंची, रंगांचा क्रम आणि स्मृतीतील एका ओळीची लांबी. शेवटची संख्या चुकली की चित्र तिरके घसरते. लाल-निळ्याचा क्रम उलटला की चेहरे निळे पडतात. एक प्रोग्राम ओळी वरून मोजतो आणि दुसरा खालून, तेव्हा किल्ला उलटा उभा राहतो. शिळेवरच्या उलट्या रेखाटनाचाच हा वारसा म्हणावा.

८/११
पारदर्शकता त्याहून फसवी. काही प्रोग्राम रंगाला पारदर्शकतेने आधीच गुणून ठेवतात, काही ठेवत नाहीत. हा संकेत न जुळल्यास धुक्याच्या थराला काळपट कड येते. १९९६ मध्ये लोकांसमोर आलेल्या गिंपमध्ये प्लगिन ही स्वतंत्र प्रक्रिया असते. म्हणून तिच्या जुन्या रचनेत चित्र ६४ × ६४ बिंदूंच्या चौकोनी तुकड्यांनी पलीकडे पाठवले जाई.

९/११
मराठीची खरी हानी अक्षरांच्या थरात झाली. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती. तरी डीटीपीच्या दुकानांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले फाँट दीर्घकाळ चालले. तो फाँट नसलेल्या संगणकावर 'खर्डा' हा शब्द निरर्थक रोमन चिन्हांची रांग होऊन उघडे.

१०/११
यावर उपाय निघाला तो अक्षरे 'कर्व्ह' करण्याचा, किंवा सर्व थर एकत्र चेपण्याचा. फलक बिनचूक छापला गेला, परंतु त्यातील मजकूर मजकूर उरला नाही. तो रेषांचा आकार झाला. अशा पत्रिका, जाहिराती आणि फलकांत उद्याच्या अभ्यासकाने एखादे नाव शोधले, तर संगणकाला तिथे अक्षर सापडत नाही.

११/११
१९७२ मध्ये मळवलीचा छापखाना आगीत सापडला. भिंतींवर टिकून राहिलेल्या छापील प्रतींत मुखे आहेत, रंग आहेत. पण कोणता रंग कोणत्या क्रमाने चढला, हे आता कागदावरून तर्कानेच ताडावे लागते. आजच्या फलकांचे तसे होऊ नये, यासाठी मूळ थरांची फाइल राखावी आणि मजकूर युनिकोडमध्ये वेगळा जपून ठेवावा. चेपलेले चित्र पाहता येते. ते कसे घडले, हे थरच सांगतात. (समाप्त)