मौजे मानपाडा

आमचे चिरंजीव २०१५ साली नोकरीसाठी जर्मनीत गेले. शहर हायडेलबर्ग, पण राहायचं ठिकाण हांडशुसहाइम. हे नाव मला एका दमात उच्चारता येईपर्यंत त्याचा पहिला पगारसुद्धा होऊन गेला. हा हायडेलबर्गच्या पोटातला एक भाग. १९०३ साली शहरात सामील झाला, तरी तिथले लोक त्याला अजून आपलं गावच समजतात. भाजीचे मळे राखून आहेत, चेरीची झाडं राखून आहेत. 'हांडशू' म्हणजे हातमोजा, म्हणून गावाच्या मानचिन्हावर चक्क एक हातमोजा आहे! हाच न्याय आपल्याकडे लावला तर चिंचपोकळीच्या मानचिन्हावर काय काढावं लागेल, यावर मी बोलायला सुरुवात केली होती, पण सौ.ने वरणाला फोडणी द्यायला घेतली आणि माझा आवाज बुडाला.

तर त्या वर्षी गावाला साडेबाराशे वर्षं पूर्ण झाल्याचा उत्सव होता. साडेबाराशे! हे कुणी मोजलं? तर ७६५ साली कुणा भाविकानं जवळच्या लोर्शच्या मठाला जमीन दान दिली आणि मठातल्या साधूंनी गावाच्या नावासकट त्याची नोंद केली. पुढे बाराव्या शतकात अशा हजारो दानपत्रांची एका ग्रंथात नक्कल करून ठेवली. तो ग्रंथ अजून शाबूत आहे. गाव काही त्या दिवशी आभाळातून पडलं नव्हतं, आधीपासून असणारच. पण जर्मन माणसाचा हिशेब असा, की कागदावर आलात तेव्हा जन्मलात. (आपल्याकडेही शाळेत नाव घालताना मास्तर सांगतील ती जन्मतारीख, हा त्यातलाच प्रकार.)

चिरंजीवांची घरमालकीण सत्तरीची. तिच्याकडे गावाच्या इतिहासाची वार्षिकं कपाटभर. तिनं एक दिवस सहज विचारलं, "आणि तुमचं गाव किती जुनं?" चिरंजीव म्हणाले, "डोंबिवली." म्हातारी म्हणाली, "ते शहर. गाव कुठलं?" त्यानं लहानपणापासून पाकिटांवर लिहिलेला पत्ता आठवला आणि ठोकून दिलं, "मानपाडा." मग रात्री मला फोन. "बाबा, मानपाडा कुठल्या साली स्थापन झाला?"

मी १९७९ पासून मानपाडा रोडवर राहतो. इतक्या वर्षांत कित्येकदा हा शब्द रिक्षावाल्यांना सांगितला, बँकेत लिहिला, लग्नपत्रिकांवर छापला. पण हा रोड जिथं जातो ते मानपाडा गाव पाहायला मी एकदाही गेलो नव्हतो. रोज स्टेशनाकडे जायचं आणि स्टेशनाकडून यायचं. रस्त्याला दुसरं टोक असतं, हे डोंबिवलीकराला निवृत्त झाल्यावर कळतं.

त्यात मानपाडे दोन. दुसरा ठाण्याला, घोडबंदर रस्त्यावर, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी, चितळसर-मानपाडा. आमच्या वास्तुशांतीला साताऱ्याहून निघालेले मेहुणे लाडवांचा डबा घेऊन त्या मानपाड्यात उतरले होते. तिथं त्यांनी आमची इमारत दोन तास शोधली आणि रात्री नऊला आमच्याकडे पोचले तेव्हा डब्यात निम्मे लाडू होते. पुढच्या पिढीची सोय तर सरकारनंच करून ठेवली आहे. वडाळा-कासारवडवली मेट्रोच्या स्थानकांत एक मानपाडा आणि कल्याण-तळोजा मेट्रोच्या स्थानकांत दुसरा मानपाडा! लाडू जपून न्या, एवढंच सांगतो.

ठाणे जिल्ह्यात पाडा म्हणजे वस्ती. दहा-वीस घरं, एक विहीर, एक देव. सोनारपाडा, चिंचपाडा, देसलेपाडा, आमच्या आसपास पाडेच पाडे. अशा वस्तीला दानपत्र कोण देणार? लिहिणारे राजे आपल्याकडे नव्हते असं नाही. इथून जवळच अंबरनाथच्या शिवमंदिरात शिलाहारांचा शके ९८२ चा, म्हणजे १०६० सालचा लेख आहे. भिवंडीजवळच्या लोनाडलाही त्यांचे लेख सापडले. पण ते देवळांचे आणि दानांचे. आजूबाजूला जे भात पिकवत होते त्यांनी दगड कोरले नाहीत. त्यांचे हात चिखलात होते.

शेवटी एका रविवारी मी रिक्षात बसून "मानपाडा" म्हणालो. रिक्षावाल्यानं विचारलं, "मानपाडा रोडला कुठं?" म्हटलं, "रोड नाही, मानपाडा." त्यानं मागं वळून पाहिलं. "पोलीस स्टेशनला?" वर्तमानपत्रामुळे बहुतेकांना मानपाडा म्हणजे पोलीस ठाणंच ठाऊक. माझा चेहराही त्या दिवशी बहुधा तक्रारदाराचा असावा.

चार रस्ता गेला, गावदेवीचं देऊळ गेलं, स्टार कॉलनी गेली, सागाव गेलं. वीसेक मिनिटांत कल्याण-शीळ रस्ता आला. त्याच्या धुळीतून आणि ट्रकांमधून जीव वाचवून मी मानपाडेश्वराच्या देवळात पोचलो. आत शंकर, बाहेर बाकावर एक आजोबा. पांढरी टोपी, गळ्यात तुळशीची माळ. शंकराच्या दारात माळकरी पाहून मला जरा गंमत वाटली. पण या पट्ट्यातल्या आगरी गावांत वारकरी पंथ खोल रुजलेला. त्यात पिसवलीच्या सावळाराम महाराज म्हात्र्यांचा मोठा वाटा. डोंबिवलीच्या क्रीडासंकुलाला ज्यांचं नाव आहे, ते हेच. त्या संकुलात मी नातवाला पोहायला नेतो. पाटीवरचे म्हात्रे कोण, हे मला त्या बाकावर कळलं.

"कोनाकडं आलाव?" आजोबांनी विचारलं.

आता काय सांगणार? जर्मनीतल्या म्हातारीनं पाठवलं म्हणून? मी म्हणालो, "गाव बघायला."

"गाव?" ते हसले. "बगा की. उरलाय तेवरा बगा."

मग त्यांनी जे सांगितलं त्यात एकही सन नव्हता, एक सोडून. १९५७. त्या वर्षीच्या १ एप्रिलला कुळकायद्यानं कसणाऱ्या कुळांना जमिनीचे मालक ठरवलं. आजोबा तेव्हा शाळकरी. बापाच्या नावाचा सातबारा घरात आला, तो आईनं देवापुढं ठेवून हळदकुंकू वाहिलं, एवढं त्यांना लख्ख आठवतं. बाकी सगळा इतिहास हळदींचा, होळ्यांचा, पालख्यांचा. कुणाच्या लग्नात धवलारीण रात्रभर गात राहिली. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन विधी चालवणारी ही बाई, तिच्यावाचून हळद लागत नसे. कुठल्या साली होळीच्या आदल्या दिवशी आग लागली आणि सगळं गाव हंडे घेऊन धावलं. चिरंजीवांनी मला जर्मन गावांतल्या हौशी अग्निशामक दलाचं फार कौतुक सांगितलं होतं. तिथं त्याला गणवेश आहे आणि वाद्यवृंद. इथं हंडे होते. हांडशुसहाइमला जूनमध्ये जत्रा भरते, तिला केर्वे म्हणतात. इथं महाशिवरात्रीला भरते.

महानगरपालिकेचा विषय मी उगाच काढला. हांडशुसहाइम १९०३ साली शहरात गेलं ते गेलं. आमची सत्तावीस गावं १९८३ साली कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेत गेली, २००२ साली बाहेर आली, १ जून २०१५ ला पुन्हा आत गेली. म्हणजे जर्मन म्हातारी साडेबाराशे वर्षांचा केक कापत होती त्याच वर्षी! २०२० च्या मार्चमध्ये त्यांतली अठरा पुन्हा बाहेर काढायचं ठरलं, ते डिसेंबरात उच्च न्यायालयानं रद्द केलं. सासर-माहेरच्या भांडणात सुनेची पेटी जेवढी हिंडत नाही तेवढी ही गावं हिंडली. आजोबा म्हणाले, "आमी हाव तिथंच हाव. कागुद फिरतो."

निघताना त्यांनी विचारलं, "तुमी रोडला कंच्या बाजूला रात्याव?" मी खुणा सांगितल्या. ते म्हणाले, "मंग मानपाडा नाय तो. त्यो गजबंधन पाथर्ली. मामाचा गाव माजा."

घरी येऊन मी कपाटातून सदनिकेचा करारनामा काढला. सही करताना फक्त रकमेचा आकडा वाचला होता. तिसऱ्या पानावर होतं: मौजे गजबंधन पाथर्ली, तालुका कल्याण, जिल्हा ठाणे, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, चारही बाजूंच्या शेतांच्या चतुःसीमा आणि मूळ जमीनमालकाचं नाव. इतकी वर्षं मी ज्या गावाचा पत्ता सांगत होतो तिथं मी राहत नव्हतो, आणि राहत होतो त्या गावाचं नाव मला माहीत नव्हतं. सौ. म्हणाली, "गजबंधन! केवढं भारदस्त. आपण उगाच पाड्यात राहत होतो."

पुढच्या आठवड्यात मी आजोबांना घरी चहाला बोलावलं. येतील असं वाटलं नव्हतं, पण नातवाच्या मोटारसायकलवर बसून आले. करारनाम्यातलं नाव त्यांना वाचून दाखवलं. ते मामाचं नव्हतं, शेजारच्या शेतवाल्याचं होतं. मामाचं नाव चतुःसीमेत होतं: पूर्वेस. त्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मामांनी शेत विकलं त्या पैशात दोन मुलींची लग्नं झाली आणि एक घर झालं. शेतावर किती मजले झाले, ते पाहायला ते राहिले नाहीत.

चहा झाल्यावर आजोबा गॅलरीत गेले. पूर्वेकडे पाहिलं, तिकडे समोरच्या सोसायटीची भिंत. मग खाली वाकून आमच्या इमारतीच्या आवारात पाहिलं, जिथं आम्ही स्कूटर लावतो.

"हितं बाव होती," ते म्हणाले. "दोगांच्यात मिलून."

आमच्या आवारात त्या जागी दर पावसाळ्यात जमिनीतून पाणी वर येतं. तीन वेळा सिमेंट झालं, दोन वेळा रसायन झालं, एकदा तज्ज्ञ येऊन फी घेऊन गेले. त्यांनी दिलेला अहवाल मी आजोबांना सांगितला.

ते म्हणाले, "बाव बुजवली म्हून पानी कुटं जानार?"

हे मी सोसायटीच्या पुढच्या सभेत सांगितलं. चिटणीसांनी ते इतिवृत्तात लिहून घेतलं, तारखेसकट.