पुणे १९७३ ते नवी मुंबई २०२५ : भारतीय महिला क्रिकेटची वाटचाल

भारतीय महिला संघाने २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी नमवून एकदिवसीय सामन्यांचा विश्वचषक प्रथमच जिंकला. या विजयाची पाळेमुळे महाराष्ट्रातच, पण ५२ वर्षे मागे जाऊन शोधावी लागतात.

महेंद्रकुमार शर्मा यांनी १९७३ मध्ये लखनौ येथे भारतीय महिला क्रिकेट संघटनेची नोंदणी केली. बेगम हमीदा हबीबुल्ला अध्यक्षा झाल्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पुण्यात पहिली आंतरराज्य स्पर्धा भरली. संघ अवघे तीन : मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. मुंबईत त्याआधीच, १९६९ मध्ये, आलू बामजी यांनी 'अल्बीज' हा मुलींचा क्लब काढला होता. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियाचा २५ वर्षांखालील संघ भारतात आला. त्याच्याविरुद्धचा पहिला अनधिकृत कसोटी सामनाही पुण्यातच झाला आणि उज्ज्वला निकम यांनी भारताचे नेतृत्व केले.

पहिली अधिकृत कसोटी ३१ ऑक्टोबर १९७६ रोजी बंगळूर येथे वेस्ट इंडीजविरुद्ध सुरू झाली. पुण्याच्या लेगस्पिनर शुभांगी कुलकर्णी यांनी पदार्पणातच डावात पाच बळी घेतले. सामना अनिर्णित राहिला. पण त्याच नोव्हेंबरात पाटण्याला शांता रंगास्वामी यांच्या संघाने पहिला कसोटी विजय मिळविला. सहा कसोटींची ती मालिका १-१ अशी बरोबरीत सुटली. एका मालिकेत सहा कसोटी, हे आज वाचताना खरे वाटत नाही. पहिला एकदिवसीय सामना १ जानेवारी १९७८ रोजी इडन गार्डन्सवर, विश्वचषक स्पर्धेत झाला. कर्णधार होत्या मुंबईच्या डायना एदलजी.

सामन्यांचा दुष्काळ

गुणवत्ता नव्हती म्हणून हा संघ मागे राहिला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९८६ च्या इंग्लंड दौऱ्यात वूस्टर येथे संध्या अगरवाल यांनी १९० धावांची खेळी करून कसोटीतील वैयक्तिक धावसंख्येचा विश्वविक्रम केला. (याच दौऱ्यात लॉर्ड्सच्या पॅव्हेलियनमध्ये एदलजींना प्रवेश नाकारण्यात आला होता.) त्यानंतरची कसोटी मात्र थेट १९९१ मध्ये! १९८८ च्या विश्वचषकातही भारत खेळला नाही. संघटनेकडे पैसा नव्हता आणि पुरुषांच्या मंडळाशी तिचा संबंध नव्हता. या काळात खेळाडूंना नोकरीचा आधार दिला तो प्रामुख्याने रेल्वेने. राष्ट्रीय स्पर्धांवर रेल्वे संघाची जी अनेक वर्षे मक्तेदारी राहिली, तिचे कारण हेच.

२००५ मध्ये मिताली राजच्या नेतृत्वाखाली भारत प्रथमच विश्वचषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला. सेंच्युरियन येथे ऑस्ट्रेलियाने ९८ धावांनी हरविले. त्या स्पर्धेत प्रत्येक सामन्यामागे हजार रुपये मिळाले, असे मितालीने पुढे सांगितले आहे. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये महिला क्रिकेट भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या छत्राखाली आले. महिला संघटनेच्या सचिव तेव्हा शुभांगी कुलकर्णीच होत्या.

विलीनीकरणाने सुविधा आल्या, कसोटी आल्या नाहीत. २००६ मध्ये टाँटनला इंग्लंडला हरवून मालिका जिंकणाऱ्या संघाला पुढची कसोटी २०१४ मध्ये मिळाली. ती जिंकली, त्याच वर्षी म्हैसूरलाही विजय मिळविला. आणि पुन्हा २०२१ पर्यंत खंड! १९९९ ते २०२२ अशी प्रदीर्घ कारकीर्द झालेल्या मितालीच्या नावावर म्हणूनच अवघ्या १२ कसोटी आहेत.

चित्र पालटले ते २०१७ पासून. लॉर्ड्सवरील अंतिम सामना भारताने इंग्लंडविरुद्ध केवळ नऊ धावांनी गमावला. मुंबईच्या पूनम राऊतने त्यात ८६ धावा केल्या होत्या. प्रथमच घरोघरी दूरचित्रवाणीवर महिलांचा सामना पाहिला गेला. ऑक्टोबर २०२२ मध्ये मंडळाने पुरुष व महिलांचे सामन्याचे मानधन समान केले : कसोटीस १५ लाख, एकदिवसीय सामन्यास सहा लाख, ट्वेंटी-२० साठी तीन लाख रुपये. २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीग सुरू झाली. २०२५ च्या विश्वचषकात कर्णधार हरमनप्रीत कौरच्या साथीला सांगलीत वाढलेली स्मृती मानधना होती. उपांत्य फेरीत मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ धावा केल्या आणि ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ धावांचे लक्ष्य गाठले गेले. प्रशिक्षक अमोल मुझुमदारही मुंबईचेच. विजेत्या संघाला मंडळाने ५१ कोटी रुपयांचे पारितोषिक जाहीर केले.

हिंगोलीच्या मुलीची वाट

महाराष्ट्रात राज्य संघटना तीन आहेत : मुंबई, विदर्भ आणि पुण्यातून चालणारी महाराष्ट्र क्रिकेट संघटना. हिंगोली जिल्हा महाराष्ट्र संघटनेच्या क्षेत्रात येतो. पैनगंगेपलीकडचे वाशीम, यवतमाळ विदर्भात मोडतात. त्यामुळे कळमनुरी किंवा सेनगावच्या मुलीला राज्य संघासाठी पुण्याकडे पाहावे लागते. मोठ्या शहराबाहेरून पुढे गेलेल्यांची उदाहरणे आहेत. कोल्हापूरची अनुजा पाटील आणि अमरावतीची भारती फुलमाळी भारताकडून खेळल्या. सोलापूर जिल्ह्यातील किरण नवगिरेने २०२२ मध्ये नागालँडकडून ट्वेंटी-२० सामन्यात नाबाद १६२ धावा केल्या व त्याच वर्षी भारतीय संघात स्थान मिळविले. मंडळाने २०२२-२३ च्या हंगामापासून १५ वर्षांखालील मुलींची एकदिवसीय स्पर्धाही सुरू केली आहे. म्हणजे राज्य निवड चाचणीचा दरवाजा आता शाळकरी वयातच उघडतो.