कम्युनियन म्हणजे काय? एका भाकरीत सहभागी होण्याचा अर्थ

चर्चच्या उपासनेत लोक रांगेने पुढे जातात, भाकरीचा लहानसा तुकडा किंवा गव्हाची पातळ चकती घेतात आणि शांतपणे जागेवर परततात. हा विधी म्हणजे कम्युनियन. कॅथलिक चर्चमध्ये तो मिस्सेचा भाग असतो, तर मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये त्याला ‘प्रभुभोजन’ म्हणतात.

सुरुवात कशी झाली?

शुभवर्तमानांनुसार, वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री येशूने शिष्यांसोबत शेवटचे भोजन केले. त्याने भाकरी मोडून सर्वांना दिली, द्राक्षारसाचा प्याला दिला आणि आपल्या आठवणीसाठी हे करत राहा, असे सांगितले.

नव्या करारात यासाठी ‘कोइनोनिया’ हा ग्रीक शब्द येतो. त्याचा अर्थ सहभाग किंवा भागीदारी. लूकच्या शुभवर्तमानात पेत्राबरोबर मासेमारी करणाऱ्या भागीदारांसाठीही याच धातूपासून बनलेला शब्द वापरला आहे. म्हणजे कम्युनियनमध्ये देवाशी नाते आहे, तसे शेजारी बसलेल्या माणसाशीही आहे.

करिंथमधला वाद

इ. स. 55 च्या सुमारास ग्रीसमधील करिंथ शहरातल्या मंडळीत हेच नाते तुटले होते. तेव्हा प्रभुभोजन हे खरेखुरे जेवण असे. काही जण आधीच पोटभर जेवत, गरीब उपाशी राहत. संत पौलाने पत्र लिहून खडसावले: असे जेवण प्रभूचे भोजन नव्हे. एकमेकांसाठी थांबा आणि आधी स्वतःला तपासा.

भारतातही हा प्रश्न उभा राहिला. तमिळ प्रदेशातील काही मंडळ्यांमध्ये जातीनुसार वेगळे बसणे आणि प्रभुभोजनाला वेगळे येणे चालू होते. 1833 मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी हे भेद बंद करण्याचा आदेश दिला. तंजावरमध्ये अनेकांनी तो मानला नाही आणि चर्च सोडले.

पंथांमध्ये फरक काय?

कॅथलिक श्रद्धेनुसार भाकर आणि द्राक्षारस खरोखर ख्रिस्ताचे शरीर व रक्त होतात. मार्टिन ल्यूथर यांच्या मते ख्रिस्त भाकरीत व द्राक्षारसात खरोखर उपस्थित असतो, पण भाकर भाकरच राहते. झ्विंग्ली यांनी त्याला स्मरणविधी मानले. 1529 मध्ये जर्मनीतील मारबुर्ग येथे हे दोघे भेटले, पण या मुद्द्यावर एकमत झाले नाही. आजही सर्व पंथ एका मेजावर येत नाहीत.

रोजच्या जगण्यात

कॅथलिकांमध्ये कम्युनियनआधी एक तास उपवास असतो आणि गंभीर पाप घडले असल्यास आधी पापकबुली करावी लागते. अनेक चर्चमध्ये त्याआधी लोक एकमेकांना शांतीच्या शुभेच्छा देतात. देवापुढे येण्याआधी भांडण मिटवा, या येशूच्या शिकवणीशी ही प्रथा जोडलेली आहे.

इ. स. 155 च्या सुमारास जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने रोममधल्या उपासनेचे वर्णन केले. जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी भाकर पोहोचवली जाई, आणि जमलेली वर्गणी अनाथ, विधवा, आजारी व कैद्यांसाठी वापरली जाई. अंथरुणाला खिळलेल्यांना घरी कम्युनियन नेऊन देण्याची पद्धत आजही चालू आहे.