बाराव्या नंबरचं गाणं

आमच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये एक अलिखित नियम होता. ईशस्तवन मराठीत, स्वागतगीत मराठीत आणि नाच मात्र हिंदी गाण्यावर. नियम कुणी केला होता कुणास ठाऊक. पण एखाद्या बाईंनी मराठी गाण्यावर नाच बसवायचं काढलं, की नाकं मुरडणारे आम्हीच असायचो. हे सगळं परवा आठवलं, ते आयर्लंडमुळे.

युरोव्हिजन ही देशादेशांमधली गाण्यांची स्पर्धा तुम्ही निदान रील्समध्ये तरी पाहिली असेल. तिची मुलांसाठीची आवृत्ती, ज्युनिअर युरोव्हिजन, २००३ साली कोपनहेगनमध्ये सुरू झाली. प्रत्येक देश एक गाणं आणि ते गाणारी मुलं निवडून पाठवतो. गाणं मुख्यतः त्या देशाच्या भाषेत हवं, अशी अट.

पण देशाची भाषा म्हणजे कुठली? आयर्लंडच्या राज्यघटनेत आयरिश ही पहिली अधिकृत भाषा आहे, इंग्रजी दुसरी. व्यवहारात क्रम नेमका उलटा. मोठ्यांच्या युरोव्हिजनमध्ये आयर्लंड १९७० ते १९९६ या काळात सात वेळा जिंकला आणि सातही गाणी इंग्रजी होती. आयरिश भाषेतलं गाणं त्यांनी एकदाच पाठवलं, १९७२ साली. अठरा देशांत ते पंधरावं आलं. पुन्हा त्या वाटेला कुणी गेलं नाही.

मुलांच्या स्पर्धेत आयर्लंड उतरला तो २०१५ साली, आणि उतरवलं टीजी फोर या वाहिनीने. ही आयरिश भाषेतली वाहिनी १९९६ साली सुरू झालेली. तिने देशभरातल्या मुलांसाठी टॅलेंट शो काढला. ऑडिशन, फेऱ्या, परीक्षक, अंतिम सामना, सगळं आपल्या ओळखीचं. फरक एवढाच, की गायचं आयरिशमध्ये. नियमाने इंग्रजीही चालली असती. माल्टाच्याही दोन अधिकृत भाषा आहेत, माल्टीज आणि इंग्रजी; आणि २०१३ साली माल्टा इंग्रजी गाण्यावर जिंकला होता. म्हणजे जिंकायची सोपी वाट समोर दिसत होती. टीजी फोरने ती घेतली नाही.

त्या वर्षी सोफियात काय झालं? माल्टा पुन्हा इंग्रजी गाण्यावर पहिला. आयर्लंडचं ‘समुद्राचा तारा’ अशा अर्थाच्या नावाचं आयरिश गाणं सतरा देशांत बारावं.

शेजारच्या वेल्सचं तर याहून वाईट झालं. वेल्श भाषेची वाहिनी मिळावी म्हणून १९८० मध्ये ग्विनफोर एव्हान्स या नेत्याने आमरण उपोषणाचा इशारा दिला होता. सरकार नमलं आणि १९८२ मध्ये एसफोरसी वाहिनी सुरू झाली. याच वाहिनीने २०१८ साली वेल्श गाणं मुलांच्या स्पर्धेत पाठवलं. ते वीस देशांत शेवटचं आलं. पुढच्या वर्षी एकोणिसांत अठरावं. त्यानंतर वेल्स पुन्हा आला नाही.

टीजी फोर मात्र आयरिशला धरून राहिली. २०२१ मध्ये एकोणिसांत अठरावा नंबर आला, तरीही. मग २०२२ साली येरेव्हानमध्ये ‘प्रकाश’ या अर्थाचं एकशब्दी नाव असलेलं आयरिश गाणं चौथं आलं. पाचवं कोण? ब्रिटन, इंग्रजी गाणं घेऊन. ज्या इंग्रजीखाली आयरिश दबली, त्या इंग्रजीच्या एक पायरी वर! निकालाची ती यादी मी दोनदा वाचली.

अर्थात एका गाण्याने भाषा वाचत नाही. २०२२ च्याच जनगणनेत सुमारे १८ लाख ७४ हजार लोकांनी आयरिश येते असं सांगितलं. पण शाळा-कॉलेजबाहेर ती रोज बोलणारे होते जेमतेम ७२ हजार. शाळेत वर्षानुवर्षं सक्तीने शिकवूनही ही अवस्था. पोरांच्या लेखी आयरिश म्हणजे पेपर, मार्क आणि व्याकरण. टीजी फोरने त्या भाषेला तासातून उठवून स्टेजवर नेलं. तिथे चुकलं तर लाल शाई नव्हती, आणि जमलं तर सगळा युरोप ऐकत होता.

आपल्याकडेही २०२० साली सगळ्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा झाला. व्हायलाच हवा होता. पण कायदा मराठीचा तास देतो. गॅदरिंगमधलं नाचायचं गाणं देत नाही. ते कुणीतरी निवडावं लागतं. तेही पहिल्या वर्षी बारावा नंबर येईल हे गृहीत धरून.

मध्यंतरी भाचीने गॅदरिंगसाठी गाणं सुचवायला सांगितलं. मी मोठ्या उत्साहाने एक मराठी गाणं पाठवलं. तिचा उलट मेसेज आला, “मामा, यावर नाचता येईल ना पण?”

पोरीने बरोबर प्रश्न विचारला. मी अजून गाणी शोधतोय.