पाणी महालातला मे महिना

गेल्या वर्षी मे महिन्यात मी आईबाबांना मुंबई-गोवा क्रूझवर नेलं. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले होते आणि त्यांना काहीतरी द्यायचं होतं. पुण्यात आयटीत काम करणाऱ्या मुलाला 'काहीतरी' म्हटलं की बुकिंग सुचतं. आम्ही मूळचे नळदुर्गजवळचे, तुळजापूर तालुक्यातले. समुद्र आईने एकदाच पाहिला होता, तोही शाळेच्या सहलीसोबत गणपतीपुळ्याला, अर्धा तास. त्यामुळे सरप्राइज जोरदार होणार याची मला खात्री होती.

झालंही. बोटीवर चढायच्या रांगेत तीन तास गेले. वर पत्रा, खाली माणसं, प्रत्येकाजवळ चाकांची बॅग. तापमान ३४ अंश. आईला चक्कर आली आणि ती माझ्या खांद्यावरून घसरत खाली बसली. पुढचे दोन दिवस ती केबिनच्या बाहेर फारशी पडली नाही. केबिन उजव्या बाजूची, म्हणजे दक्षिणेकडे जाताना पश्चिमेला तोंड असलेली. दुपारी चारनंतर सूर्य थेट पलंगावर. वर डेकवर जावं तर पोहण्याच्या तलावात माणसं उभी होती. पोहायला जागाच नव्हती. बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या रात्री जेवणाच्या रांगेत फक्त म्हणाले, "बापू, पाणी महालात याच्यापेक्षा गार वाटतं की रे."

मला ते लागलं. लहानपणापासून नळदुर्गचा किल्ला मी पंचवीसेक वेळा तरी पाहिला असेल, पण पाणी महाल ही पावसाळ्यात बघायची गोष्ट, असंच डोक्यात होतं. जुलै-ऑगस्टमध्ये बोरी नदी भरते, बंधाऱ्यावरून नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळतात, सोलापूरहून गाड्या भरभरून लोक येतात. मे महिन्यात तिथे कोण जातं? परत आल्यावर मी त्या बंधाऱ्याबद्दल वाचायला लागलो. हा लेख त्यातूनच आलेला.

आधी एक शंका फेडून घेतो, कारण तिने मला बरेच दिवस छळलं. आई ४२ अंशांच्या उन्हात शेतात काम केलेली बाई आहे. ती ३४ अंशांत कशी कोसळली? उत्तर घामात आहे. आपल्याकडचं ऊन कोरडं. घाम सुटतो, लगेच वाळतो आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. माठातलं पाणी गार होतं ते याच कारणाने. समुद्रकाठी हवेतच पाणी इतकं की घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. त्यात भोवती शंभर माणसं दाटीने उभी असली की वाराही लागत नाही. म्हणजे आईकडे आयुष्यभराचं जे शहाणपण होतं, डोक्याला ओला पदर, हाताशी माठ, ते सगळं कोरड्या हवेसाठी होतं. बंदरावर ते चाललंच नाही.

ज्यांचं शहाणपण तिथे चालायचं ते कोकणातले लोक. मुंबई-गोवा हा समुद्रमार्ग आपण क्रूझच्या जाहिरातीत पाहतो तसा नवा नाही. विसाव्या शतकात बराच काळ चाकरमानी आगबोटीनेच गावी जात. पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या लांबच्या फेऱ्या बंद राहायच्या, म्हणून मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावर झुंबड उडायची. डेकवर ज्याने आधी वळकटी पसरली त्याची जागा. अनेक बंदरांवर बोट धक्क्याला लागतच नसे. पडाव बाहेर यायचे आणि पोराबाळांसकट, फणसांसकट माणसं त्यात उतरायची. आपण आज त्याच्याबद्दल हळवेपणाने बोलतो. पण गर्दीची किंमतही त्याच किनाऱ्याने मोजली आहे: १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली 'रामदास' बोट मुंबईजवळच बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. हे वाचल्यावर पोहण्याच्या तलावातली गर्दी मला जरा कमी खुपली.

साहेबांच्या बोटींचीही एक कथा आहे. इंग्रजीतला 'पॉश' हा शब्द म्हणे विलायत ते हिंदुस्थान प्रवासात सावलीच्या बाजूची केबिन मिळवणाऱ्या श्रीमंतांच्या तिकिटावरून आला. तसं शिक्का मारलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. कथा बहुधा खोटी, पण उजव्या बाजूच्या केबिनमध्ये दोन संध्याकाळी भाजून निघालेल्या माणसाला ती खरी असायला हवी होती असं वाटतं.

मराठवाड्याला समुद्र नव्हता. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात, रेल्वेही गावापासून लांब. आमच्याकडे उन्हाळ्यातली गर्दीची सहल म्हणजे यात्रा. आईचं माहेर कळंबकडचं, त्यामुळे तिची यात्रा येरमाळ्याची. येडेश्वरीची यात्रा चैत्र पौर्णिमेला भरते, म्हणजे ऊन तापायला लागलेलंच असतं. देवी डोंगरावर. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पालखी खाली येते, वाटेत हजारो माणसं रानातून चुनखडीचे खडे वेचतात आणि पालखी आमराईत मुक्कामाला जाते. मी हे लहानपणी दोनदा पाहिलं तेव्हा फक्त गर्दी दिसली. आता कळतं की चैत्रात देवीसुद्धा डोंगर सोडून आंब्याच्या सावलीत येते.

आईला मी विचारलं, तुम्ही त्या उन्हात कसं जात होतात? ती म्हणाली, "उन्हात कोण जातंय? रात्रीच निघायचं." बैलगाडी जेवणं झाली की जुंपायची. उजाडायच्या आत निम्मी वाट सरलेली असायची. दहा वाजले की गाडी चिंचेखाली सोडायची, बैलांना पाणी, माणसांना ताक-भाकरी, आणि चारपर्यंत कुणी हलायचं नाही. पोरांच्या डोक्याला ओलं फडकं. यात्रेत लाखभर माणसं असली तरी दुपारी बारा वाजता ती सगळी एकाच जागी उभी नसत. गर्दी वेळेवर पसरलेली होती. आमच्या धंद्यात याला लोड बॅलन्सिंग म्हणतात आणि त्यासाठी वेगळी टीम असते. बंदरावर मात्र दीड हजार माणसांना दुपारी एकचीच वेळ दिली होती.

आता नळदुर्ग.

किल्ला जुना आहे, नळराजापर्यंत त्याच्या गोष्टी जातात, पण आज दिसणारा दगडी कोट मुख्यतः आदिलशाहीतला. बोरी नदीला अडवून किल्ला आणि पलीकडचं रणमंडळ जोडणारा जो बंधारा आहे, तो दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. तिथल्या शिलालेखात साल येतं ते आपल्या हिशोबाने १६१३ आणि बांधणाऱ्याचं नाव मीर मुहम्मद इमादीन. इंजिनिअरिंगला चार वर्षं घालवूनही हे नाव मी तोवर ऐकलं नव्हतं. सिव्हिलच्या मित्रांनीही नाही, आणि त्यातले दोघं सोलापूरचे आहेत.

हा बंधारा मुळात लष्करी. किल्ल्याच्या तीन बाजूंना नदीचं पाणी तुंबवायचं, आत पिण्याच्या पाण्याची सोय करायची, शत्रूला नदीपात्रातून येऊ द्यायचं नाही. एवढं झालं असतं तरी काम झालं होतं. पण मीर इमादीनने बंधाऱ्याच्या पोटात खोल्या काढल्या. माथ्यावरून अरुंद पायऱ्यांनी खाली उतरायचं, अंधारात हाताने भिंत चाचपायची, आणि एकदम कमानीच्या खिडक्या असलेल्या दालनात बाहेर पडायचं. खिडक्या खालच्या अंगाला उघडतात. पावसाळ्यात डोक्यावरून नदी कोसळत असते आणि आतला माणूस कोरडा.

सगळे लेख इथेच थांबतात, पाण्याच्या पडद्यापाशी. मला मे महिना हवा होता. विचार केला तर ते दालन पावसाळ्याइतकंच उन्हाळ्याचंही आहे. पाठीमागे बंधाऱ्याची जाड दगडी भिंत, तिच्यामागे साठलेलं पाणी. दगड सावकाश तापतो. पाणी त्याहून सावकाश. बाहेर दुपारी दोनला जे ऊन असतं ते आत पोचेपर्यंत रात्र होते, आणि रात्री दगड पुन्हा निवतो. खिडकीतून वारा येतो तो पात्रातल्या ओलीवरून. विजेशिवाय चालणारी ही यंत्रणा चारशे वर्षं बंद पडलेली नाही. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने सर्व्हर गार ठेवायला एक डेटा सेंटर स्कॉटलंडजवळ समुद्राच्या तळाशी सोडलं होतं आणि दोन वर्षांनी बाहेर काढलं. त्या बातमीचं ऑफिसात फार कौतुक झालं होतं. मीही केलं होतं. गावापासून पाच मैलांवर काय आहे हे मला तेव्हा आठवलं नाही.

मीर इमादीनला ही कल्पना आभाळातून सुचली नसावी. दख्खनच्या सुलतानांना पाण्याजवळ उन्हाळा काढायचा नाद होताच. अहमदनगरला निजामशाहीतला फराहबाग तलावाच्या मधोमध उभा होता. विजापूरजवळ कुमटगीला आदिलशाहीचे जलमहाल, त्यांत कारंजी. पण हे सगळे पाण्यात बांधलेले महाल. नळदुर्गचा महाल पाणी अडवणाऱ्या भिंतीतच आहे. धोकाही तितकाच: भिंतीत पोकळी ठेवली म्हणजे तेवढी ती कच्ची होणार. ती कुठे ठेवायची आणि पुराला वाट कुठून द्यायची, हे ज्याला कळलं त्या माणसाला मी विनाकारण मुजरा करत नाहीये.

१८५३ मध्ये निजामाने कर्जापोटी नळदुर्गचा मुलूख कंपनीला लावून दिला आणि तिथे मेडोज टेलर हा अधिकारी आला. ठगांवरची कादंबरी लिहिणारा तोच. पुढे १८६३ मध्ये त्याची 'तारा' आली, तिचं तुळजापूरशी नातं आहे. त्याच्या आत्मचरित्रात नळदुर्गचा काळ येतो. १८६० मध्ये मुलूख निजामाला परत गेला. साहेबाच्या लिखाणात उन्हाळा म्हणजे वाळ्याच्या ताट्या, पंखा ओढणारा पोऱ्या, पहाटेची रपेट. ओढणाऱ्या पोऱ्याला गरम होतं का, हे त्या काळच्या पुस्तकांत कुणी लिहीत नाही.

तीच गोष्ट पाणी महालाची. तिथे गारव्याला बसणारे किती होते? दालनाचा आकार पाहिला तर पंधरा-वीस. दगड फोडणारे, चुना मळणारे, नदीपात्रात पायथा खोदणारे किती असतील? पायथा खोदायचा तर पाणी आटलेलं लागतं, आणि बोरी आटते उन्हाळ्यात. म्हणजे महालाचा पाया मे महिन्यातल्या गर्दीने, मे महिन्यातल्या उन्हात घातला असणार. शिलालेखावर नाव एकाचं.

हे मला सुचलं ते आजीमुळे. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. सरकारने दुष्काळी कामं काढली होती; नालाबंडिंग, पाझर तलाव, रस्ते. बांधावर शेकडो बायका ओळीने बसलेल्या, डोक्यावर पदर, हातात हातोडी, पोर झोळीत. मिलो ज्वारीची भाकरी आणि सुकडी. त्याच अनुभवातून पुढे रोजगार हमीचा कायदा आला, ही राज्याच्या इतिहासातली गोष्ट. घरातली गोष्ट एवढीच की आजीच्या डाव्या अंगठ्याचं नख त्या वर्षी गेलं ते पुन्हा नीट आलं नाही. उन्हात गर्दीत कसं तग धरायचं हे तिला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. मी कधी विचारलं नाही, आणि २०१९ ला ती गेली.

आईबाबांना घेऊन याच मे महिन्यात नळदुर्गला गेलो. पहाटे पुण्याहून निघून दहाच्या आत पोचलो. धबधबे अर्थातच बंद. पुढे एक कुटुंब होतं, त्यातला मुलगा "पाणीच नाही तर काय बघायचं" म्हणत परत फिरला. आम्ही पायऱ्या उतरलो. वर दगड पायाला चटके देत होता. खाली पोचलो तर बाबांनी न बोलता टोपी काढली. आईने चपला काढून फरशीवर पाय टेकवले आणि खिडकीत बसली. अर्धा तास ती बसून होती. मी दोनदा घड्याळ पाहिलं.

"हितं भाकरी खाऊ देत्यात का?" तिने विचारलं.

देत नाहीत. मग आम्ही वर आलो आणि दरवाजाबाहेर एका लिंबाखाली जेवलो. चारपर्यंत तिने मला गाडी काढू दिली नाही.